उलटी धरलेली गिटार

न्यूयॉर्कच्या फोकवेज रेकॉर्ड्स या छोट्या संस्थेने १९५८ साली काढलेली एक एलपी मी गेली कित्येक वर्षे ऐकत आलो आहे. तिच्यात एक आवाज आहे आणि एक गिटार आहे, आणि दोन्ही एलिझाबेथ कॉटन यांची आहेत. तबकडी निघाली तेव्हा कॉटन पासष्टीला आल्या होत्या आणि वॉशिंग्टन शहराच्या परिसरात लोकांच्या घरी स्वयंपाक, धुणे, इस्त्री अशी कामे करून चरितार्थ चालवत होत्या. अमेरिकेतल्या लोकसंगीताच्या गिटारवादनावर या पहिल्याच तबकडीचा जेवढा ठसा उमटला, तेवढा फार थोड्या तबकड्यांचा उमटला असेल. नुसत्या बोटांनी गिटार वाजवायला शिकणारा नवखा विद्यार्थी आजही सुरुवातीच्या धड्यांतच तिच्यातल्या ‘फ्रेट ट्रेन’ (मालगाडी) या गाण्यापाशी येऊन पोचतो. पुष्कळदा त्याला गाणे येते आणि कॉटन हे नाव मात्र माहीत नसते. मला लिहायचे आहे ते याविषयीच. लोकगीत कुणा एकाचे नसते, ते आपोआप उगवते आणि तोंडातोंडी वाढते, असे आपण सहज गृहीत धरतो. ही तबकडी ऐकताना माझ्या मनातले ते गृहीत टिकत नाही, कारण तिच्यातला प्रत्येक सूर एका विशिष्ट हाताने, विशिष्ट अडचणीतून वाट काढत घडवलेला आहे, आणि तो हात ऐकू येतो.

कॉटन डावखुऱ्या होत्या. उजव्या हाताने वाजवण्यासाठी तारा लावलेली गिटार डावखुऱ्या माणसाने उलटी धरली, की तारांचा क्रमही उलटतो. एरवी वादकाच्या हनुवटीच्या बाजूला असणाऱ्या जाड, खर्जाच्या तारा खाली जमिनीकडे जातात आणि बारीक तारा वर येतात. म्हणून बहुतेक डावखुरे वादक तारा काढून उलट क्रमाने बसवून घेतात. कॉटन यांनी ते कधीच केले नाही, आणि त्याचे कारण त्यांच्या लहानपणात आहे. त्यांचे पहिले वाद्य होते थोरल्या भावाचा बँजो. भाऊ घराबाहेर पडला की ही मुलगी त्याच्या नकळत तो काढून वाजवत बसे. वाद्य भावाचे, त्यामुळे त्याच्या तारांची जागा बदलणे शक्य नव्हते. हाताला जसे सोयीचे वाटले तसे तिने ते उलटे धरले, आणि शिकवणारे कुणी नसल्यामुळे ते उलटे आहे असे तिला सांगणारेही कुणी नव्हते.

या एका गोष्टीने त्यांच्या संगीताचा सगळा पोत ठरवला. बोटांनी गिटार वाजवण्याच्या अमेरिकन पद्धतीत साधारणपणे अंगठा खर्जाच्या दोन-तीन तारांवर आलटून-पालटून आघात करत लय धरतो आणि तर्जनी व मधले बोट बारीक तारांवर चाल वाजवतात. अंगठा हे हाताचे सर्वांत जाड आणि जोरकस बोट असल्यामुळे खर्ज दणदणीत होतो आणि चाल त्याच्यावर नाजूकपणे तरंगते. कॉटन यांच्या हातात कामांची अदलाबदल झाली. खर्जाचा येरझारा तर्जनीकडे आला आणि चाल अंगठ्याकडे गेली. त्यामुळे त्यांच्या वादनात चाल ठसठशीत, गोल आणि भरीव ऐकू येते, आणि खर्ज हलक्या पावलांनी तिच्या मागोमाग चालतो. पुढे या पद्धतीला त्यांच्याच नावावरून ‘कॉटन पिकिंग’ असे म्हणू लागले. तबकडीवरची ‘विल्सन रॅग’ ही छोटी रचना ऐकली तर हे लगेच लक्षात येते. तिला शब्द नाहीत, ती पाहता पाहता संपते, आणि तेवढ्यात लय एकदाही घाई करत नाही. गाण्यांपेक्षा या शब्दाविना असलेल्या रचना मला अधिक मोलाच्या वाटतात. आवाज वयाने थोडा सुकलेला, मंद आणि कधी सुराच्या किंचित खाली राहणारा आहे. बोटांवर मात्र वयाची खूण सापडत नाही, आणि मधल्या कित्येक दशकांत त्यांनी गिटार जवळजवळ हातातही घेतली नव्हती हे कळल्यावर तर ऐकणारा थक्क होतो.

त्यांचा जन्म १८९३ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या चॅपेल हिलजवळच्या, आज कार्बरो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत, एका कृष्णवर्णीय कष्टकरी कुटुंबात झाला. शाळा लवकर सुटली आणि दुसऱ्यांच्या घरची कामे सुरू झाली. पगार महिन्याला पाऊण डॉलर. त्यातून साठवलेल्या पैशांनी त्यांनी ३ डॉलर ७५ सेंटला दुकानातली एक स्टेला गिटार विकत घेतली. पगाराशी ताडून पाहिले तर ही पाच महिन्यांची पूर्ण कमाई होते. स्टेला ही त्या काळातली स्वस्त, सामान्य माणसाला परवडणारी गिटार. दक्षिणेकडच्या अनेक कृष्णवर्णीय वादकांनी तिच्यावरच हात बसवला. घराजवळून रेल्वेचा मार्ग जात होता. त्या मालगाडीचे गाणे त्यांनी रचले तेव्हा त्यांचे वय अकरा-बारा वर्षांचे होते. गाण्यातली व्यक्ती मालगाडीत बसून निघून जाऊ पाहते, आपण कोणत्या वाटेने गेलो हे कुणाला सांगू नका असे विनवते, आणि मेल्यावर आपल्याला अशा जागी पुरा की जिथून गाडीचा आवाज ऐकू येईल, असेही सांगते. निघून जाण्याची ओढ आणि त्याच रुळांजवळ कायमचे राहण्याची इच्छा, दोन्ही त्या चार ओळींच्या कडव्यांत एकत्र नांदतात. अकरा वर्षांच्या मुलीने हे लिहिले याचे मला नवल वाटत नाही. मुले मरणाविषयी मोठ्यांपेक्षा मोकळेपणाने बोलतात.

या गाण्याच्या स्वररचनेत एक जागा अशी आहे की जिच्यासाठी मी ते पुन्हा पुन्हा ऐकतो. सी हा षड्ज धरला तर पहिल्या दोन ओळी घरच्याच स्वरांत फिरतात. तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला ई सेव्हन हा कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) येतो आणि त्याच्याबरोबर या घरच्या स्वरांबाहेरचा कोमल धैवत डोकावतो. लगेच पुढच्या एफ कॉर्डमध्ये शुद्ध धैवत असतो. कोमल धैवतावरून शुद्ध धैवताकडे जाणारी ही अर्ध्या स्वराची चढण इतकी लहान आहे की ऐकणाऱ्याला ती वेगळी काढून दाखवावी लागते, पण गाण्यातली हुरहुर तिच्यातच आहे. एवढ्या साध्या चालीत नेमकी हीच जागा निवडणे ही रचनाकाराची दृष्टी आहे. ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या घर्षणातून आपोआप झालेले नाही.

‘ओ बेब, इट एन्ट नो लाय’ हे तबकडीवरचे दुसरे गाणेही लहानपणीचेच आणि तितकेच खाजगी आहे. शेजारच्या एका बाईने लहानग्या एलिझाबेथविषयी आईकडे खोटी चहाडी केली, तिला शिक्षा झाली, आणि त्या दुखावलेपणातून तिने हे गाणे रचले. पुढे ग्रेटफुल डेड या रॉक वाद्यवृंदाने ते आपल्या मैफलींत गायले आणि १९८१ सालच्या ‘रेकनिंग’ या अल्बममध्ये घेतले. एका मुलीची आईने केलेली कानउघाडणी हजारो श्रोत्यांपुढे अशा रूपाने पोचली.

लग्न लवकर झाले, मुलगी झाली. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले की देवाची सेवा करायची असेल तर ही ऐहिक गाणी सोडली पाहिजेत. त्यांनी ती सोडली. चर्चमध्ये क्वचित काही वाजवले असेल तेवढेच. पुढची कित्येक दशके कामात गेली. पतीपासून वेगळ्या झाल्यावर त्या मुलीजवळ वॉशिंग्टनला आल्या आणि तिथल्या एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये काम करू लागल्या. त्या दुकानात एक लहान मुलगी हरवली. कॉटन यांनी तिला शोधून तिच्या आईच्या हवाली केले. मुलीचे नाव पेगी सीगर आणि आईचे रूथ क्रॉफर्ड सीगर. त्या ओळखीतून कॉटन सीगर कुटुंबात घरकामाला आल्या.

या योगायोगाची गोष्ट सगळेच सांगतात आणि ती सांगण्यासारखी आहेच. मला मात्र त्यापुढची वर्षे अधिक विचार करायला लावतात. रूथ क्रॉफर्ड सीगर या विसाव्या शतकातल्या महत्त्वाच्या अमेरिकन संगीतकार होत्या. संगीतरचनेसाठी गुगनहाइम शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. पती चार्ल्स सीगर नामवंत संगीतशास्त्रज्ञ होते. जॉन आणि ॲलन लोमॅक्स या पिता-पुत्रांनी खेडोपाडी फिरून जमवलेली, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ठेवलेली लोकगीतांची ध्वनिमुद्रणे रूथ तासन्‌तास ऐकत, सुई पुन्हा पुन्हा मागे नेत, आणि प्रत्येक हेलकावा स्वरलिपीत उतरवत. १९४१ चे ‘अवर सिंगिंग कंट्री’ हे त्या कष्टांचे फळ. १९४८ मध्ये त्यांनी मुलांसाठी लोकगीतांचे पुस्तक केले. म्हणजे ज्या घरात दक्षिणेकडच्या अनाम गायकांचा एकेक स्वर एवढ्या आदराने टिपला जात होता, त्याच घराच्या स्वयंपाकघरात ती गाणी रक्तात असलेली एक बाई भाकरीतुकड्यासाठी राबत होती आणि त्याविषयी काही बोलत नव्हती. घरातली धाकटी पेनी हिला एलिझाबेथ म्हणता येत नसे, म्हणून ती त्यांना लिबा म्हणू लागली आणि तेच नाव रूढ झाले. घरात एक गिटार होती. कामातून सवड मिळाली की लिबा ती हळूच वाजवू लागल्या, आणि एके दिवशी पेगीने त्यांना वाजवताना पाहिले.

सीगर कुटुंबाविषयी माझ्या मनात आदरच आहे. ऐकल्याबरोबर त्यांनी ओळखले, आणि पुढे कॉटन यांच्यासाठी जे केले ते मनापासून केले. तरीही त्या आधीच्या शांत काळाचा विचार सुटत नाही. लोकसंगीताचा शोध घेणारा माणूस सहसा दूरच्या डोंगरात, तुरुंगात, शेतमजुरांच्या वस्तीत जातो. ज्याला पगार देऊन कामावर ठेवले आहे त्याच्यापाशी काही असेल असे त्याच्या मनात येत नाही. कॉटन यांनीही स्वतःहून सांगितले नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ते सगळे चर्चने सोडायला लावलेल्या आयुष्यात मागे राहिले होते. गाणे दोन्ही बाजूंच्या न बोलण्यामुळे लपून राहिले होते.

पेगीचा भाऊ माइक सीगर याने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्पूलचा टेपरेकॉर्डर नेऊन कॉटन यांच्याच घरी, त्यांच्या झोपण्याच्या खोलीत, ध्वनिमुद्रण केले. स्टुडिओ नव्हता, साथीदार नव्हते. त्यामुळे आवाज सगळीकडे सारखा नाही आणि काही ठिकाणी दोन-तीन छोट्या चाली एकापाठोपाठ एक वाजवून जोडून दिल्या आहेत. हे जोडतुकडे मला थोडे अपुरे वाटतात. प्रत्येकाला स्वतंत्र जागा मिळायला हवी होती. पण तंत्रज्ञाने सजवलेल्या ध्वनिमुद्रणात बोट तारेवरून घसरल्याचा जो बारीक आवाज पुसला गेला असता, तो इथे टिकला आहे, आणि त्यातूनच ती उलटी पद्धत कानाने शिकता येते. फोकवेजचे मोझेस ॲश यांनी ते घेतले. व्यापाराच्या दृष्टीने न खपणारी तबकडीही यादीतून काढायची नाही, हा त्यांचा नियम होता. ॲश यांच्या मृत्यूनंतर १९८७ मध्ये सगळा संग्रह स्मिथसोनियन संस्थेकडे गेला आणि नियमही बरोबर गेला. ही तबकडी आजही मिळते ती त्यामुळे.

तबकडीचे पहिले नाव होते ‘निग्रो फोक साँग्स अँड ट्यून्स’. पुढे ते ‘फोक साँग्स अँड इन्स्ट्रुमेंटल्स विथ गिटार’ झाले, आणि १९८९ च्या सीडीवर ‘फ्रेट ट्रेन अँड अदर नॉर्थ कॅरोलिना फोक साँग्स अँड ट्यून्स’ असे आले. आधी वंश, मग वाद्य, मग गाव आणि गाणे. गाणे रचणारी म्हणून त्यांची ओळख वेष्टनाच्या पुढच्या बाजूवर यायला तीस वर्षे लागली, आणि तीही फक्त गाण्याच्या नावातून.

तबकडीवरच्या ज्या चाली खरोखरच परंपरेने आलेल्या म्हणून ओळखल्या जातात, त्यांचाही माग काढला तर गंमतीची वाट सापडते. ‘व्हॅस्टापोल’ ही रचना घ्या. तिच्यासाठी गिटारच्या तारा वेगळ्या लावतात. डी हा षड्ज मानला तर खालून वर सा, प, सा, ग, प, सा असे स्वर मिळतात. बोट न ठेवताही सगळी गिटार एका सुरेल जुळणीत बोलते, आणि तंबोऱ्यावर वाढलेल्या आपल्या कानाला तर ती चटकन जवळची वाटते. ‘स्पॅनिश फ्लँग डँग’ साठी ‘जी’ (G) हा स्वर षड्ज धरून प, सा, प, सा, ग, प अशी जुळणी असते. या दोन्ही चाली मुळात छापील आहेत. सिनसिनाटीमध्ये राहणारे गिटारशिक्षक हेन्री वॉरल यांनी १८६० च्या सुमारास ‘सेबास्टोपोल’ आणि ‘स्पॅनिश फँडँगो’ या नावांनी त्या प्रसिद्ध केल्या होत्या. पहिलीचे नाव क्रिमियन युद्धातल्या वेढ्यावरून आले. मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यात शिकाऊ मुलींनी वाजवाव्यात म्हणून लिहिलेल्या या रचना गिटारबरोबर गावोगाव पसरल्या. नोटेशन न वाचणाऱ्या कृष्णवर्णीय वादकांनी त्या कानाने उचलल्या, त्यांना वेगळी लय दिली, आणि अर्ध्या शतकात वॉरल यांचे नाव गळून पडले. कॉटन यांच्यापर्यंत चाल पोचली ती बिननावाची. त्यांच्या अंगठ्याखाली ती पुन्हा नवी झाली. ‘स्वीट बाय अँड बाय’ आणि ‘व्हॉट अ फ्रेंड वी हॅव इन जीझस’ या तबकडीवर आलेल्या भक्तिगीतांचीही हीच स्थिती आहे. दोन्ही एकोणिसाव्या शतकातल्या ज्ञात माणसांनी लिहिलेली. परंपरा या तबकडीवर जिथे जिथे भेटते, तिथे तिच्यामागे कुणीतरी नावाचा माणूस उभा आहे. काहींची नावे काळाने पुसली, काहींची माणसांनी.

माणसांनी पुसण्याचे उदाहरण ‘फ्रेट ट्रेन’चेच. पेगी सीगर १९५० च्या दशकाच्या मध्यात इंग्लंडला गेली तेव्हा ती हे गाणे तिथे गात असे. तिथे त्या वेळी स्किफल संगीताची लाट होती. स्वस्त गिटार आणि घरगुती वाद्ये घेऊन तरुण मुले अमेरिकन लोकगीते गात होती. पॉल जेम्स आणि फ्रेड विल्यम्स या दोघांच्या नावावर गाण्याचा स्वामित्वहक्क नोंदवला गेला, आणि चास मॅकडेव्हिट यांच्या गटाने नॅन्सी व्हिस्की यांच्या आवाजात केलेले त्याचे ध्वनिमुद्रण १९५७ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेले. लिबा त्या वर्षीही दुसऱ्यांच्या घरी काम करत होत्या. सीगर कुटुंबाच्या खटपटीनंतर श्रेय मिळाले, पण ते अंशतःच. गाणे लोकांचे आहे, म्हणजे कुणाचेच नाही, आणि कुणाचेच नाही म्हणजे जो आधी कागद करील त्याचे, अशा पायऱ्यांनी हे घडते. त्यातली पहिली पायरी आपण सगळेच, चांगल्या हेतूनेही, चढत असतो. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो येणे योग्यच आहे असे मी मानतो, कारण ज्या मुलीने पाच महिन्यांची कमाई देऊन गिटार घेतली तिच्या गाण्याची किंमत तिच्या म्हातारपणीही इतरांनीच ठरवली.

पुढचा काळ त्यामानाने उजळ होता. १९६० मध्ये स्वार्थमोर महाविद्यालयात माइक सीगर याच्याबरोबर त्यांची पहिली मोठी मैफल झाली. १९६४ मध्ये त्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायल्या. पीटर, पॉल अँड मेरी या त्रयीने ‘फ्रेट ट्रेन’ १९६३ मध्ये ध्वनिमुद्रित केले होते. मैफलींच्या आणि तबकड्यांच्या उत्पन्नातून त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहरात स्वतःचे घर घेतले. १९८४ मध्ये त्यांना राष्ट्रीय वारसा शिष्यवृत्ती मिळाली, आणि पुढच्या वर्षी ‘एलिझाबेथ कॉटन लाइव्ह!’ या अल्बमला ग्रॅमी मिळाले; तेव्हा त्या नव्वदी ओलांडून गेल्या होत्या. २९ जून १९८७ रोजी सिराक्यूजमध्ये त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने आरंभीच्या प्रभावांमध्ये त्यांचे नाव घेतले.

पहिली तबकडी ऐकून झाल्यावर १९६७ ची ‘शेक शुगरी’ ही दुसरी जरूर ऐकावी. तिच्या शीर्षकगीताची चाल आणि ध्रुवपद लिबांचे आहे, कडवी मात्र त्यांच्या पतवंडांनी एकेक करून रचली, आणि बारा वर्षांच्या ब्रेंडा एव्हान्स या पणतीने ते गायले. घरातल्या वस्तू एकेक गहाण टाकत गेल्याचे ते गाणे आहे. ते कुणाच्याही कानाला शंभर वर्षांपूर्वीचे लोकगीत वाटेल. त्याचे कडवे कुणी जोडले, चाल कुणाची, आवाज कुणाचा, हे सगळे माहीत असूनही ते तितकेच जुने वाटत राहते, आणि पहिल्या तबकडीवरची गाणी कशी ऐकायची हे मला या गाण्याने शिकवले.